टीम चॅट आणि टाइम ट्रॅकर कसे जोडायचे? नेटवर्क येत-जात असलेल्या भागासाठी ऑटोमेशन

टीम चॅट म्हणजे स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स, टेलिग्राम यांसारखी अ‍ॅप्स, जिथे कामाचं बोलणं होतं. टाइम ट्रॅकर म्हणजे टॉगल, क्लॉकिफाय किंवा अगदी साधी गुगल शीट, जिथे कोणी किती तास काम केलं हे लिहिलं जातं. या दोघांच्या मध्ये बसून एकीकडची खबर आपोआप दुसरीकडे टाकणारी व्यवस्था म्हणजे वर्कफ्लो ऑटोमेशन. "आलो" असा मेसेज पडला की शीटमध्ये हजेरी लागते, एवढं सोपं.

नेटवर याचे जे धडे मिळतात ते बहुतेक वायफायवाल्या ऑफिससाठी लिहिलेले असतात. मी चंद्रपूर-गडचिरोली डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. इथे जंगलात सर्व्हे करणाऱ्या टीमचा मेसेज सकाळी ७ ला लिहिला जातो आणि टॉवर सापडल्यावर दुपारी २ ला पोहोचतो. पगार तासावर असेल, तर मधले सात तास कोणाच्या खिशातून जाणार? जोडणी करण्याआधी याचं उत्तर ठरायला हवं.

जोडणी आतून कशी चालते

प्रत्येक ऑटोमेशनचे दोन भाग असतात. एक ट्रिगर, म्हणजे काहीतरी घडणं, आणि दुसरा अ‍ॅक्शन, म्हणजे त्यावरून काहीतरी करणं. उदाहरणार्थ, स्लॅकवर एखाद्या मेसेजला ठरावीक इमोजी दिला (ट्रिगर) की टॉगलमध्ये त्या कामाचं घड्याळ सुरू होतं (अ‍ॅक्शन). झॅपिअर, मेक किंवा एन-एट-एन ही साधनं असे दोन भाग जोडून देतात. कोड लिहावा लागत नाही, किंवा फार थोडा लागतो.

खबर मिळवायच्या दोन पद्धती आहेत. एसटी आली का, हे दर पंधरा मिनिटांनी स्टँडवर जाऊन बघणं म्हणजे पोलिंग. एसटी लागली की स्टँडवरच्या ओळखीच्या माणसाने मिस्ड कॉल देणं म्हणजे वेबहुक. पोलिंगवर चालणारी जोडणी मुळातच उशिरा नोंद करते, म्हणून हजेरीसाठी शक्यतो वेबहुकवालीच घ्या.

तुम्ही विचाराल, आमची सगळी टीम व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, मग तेच का नाही? कारण आपल्या रोजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधले मेसेज ही साधनं अधिकृतपणे वाचू शकत नाहीत. व्यवसायांसाठी व्हॉट्सअ‍ॅपची वेगळी सेवा आहे, पण ती गावातल्या ग्रुपसाठी बनलेली नाही. "ग्रुप बॉट" म्हणून जी अनधिकृत अ‍ॅप्स फिरतात, ती वापरली तर नंबर बंद होऊ शकतो. टेलिग्रामने मात्र २०१५ पासून बॉट सगळ्यांसाठी फुकट खुले ठेवले आहेत.

मेसेजवरची वेळ कोणाची?

टेलिग्राम बॉटकडे प्रत्येक मेसेजसोबत एक वेळ येते. ती वेळ सर्व्हर टाकतो, तुमचा फोन नाही. नेटवर्क नसताना लिहिलेला मेसेज घड्याळाचं चिन्ह दाखवत फोनमध्ये थांबतो, आणि नेटवर्क आलं की त्या क्षणाची वेळ घेऊन जातो. म्हणजे शीटमध्ये जे उमटतं ते "काम सुरू झालं" नसून "मेसेज पोहोचला" असतं. पुण्यात हा फरक एका सेकंदाचा, भामरागडच्या बाजूला अर्ध्या दिवसाचा.

मोठ्या सरकारी यंत्रणांनाही हा प्रश्न सोडवावा लागला. व्याघ्र प्रकल्पांत, ताडोबासह, वनरक्षकांच्या गस्तीची नोंद एम-स्ट्राइप्स या प्रणालीवर होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांची ही प्रणाली २०१० पासूनची. त्यात फोन जीपीएसवरून मार्ग आणि वेळ स्वतःकडे नोंदवतो आणि ती माहिती नंतर वर पाठवली जाते. जीपीएसला मोबाइल टॉवर लागत नाही, त्यामुळे वेळ घडल्या जागीच पकडली जाते.

मनरेगाच्या कामांवर एनएमएमएस अ‍ॅप २०२१ मध्ये आलं आणि १ जानेवारी २०२३ पासून बहुतेक सगळ्या सार्वजनिक कामांना सक्तीचं झालं. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, ठिकाणासकट. नेटवर्क नसेल तर फोटो आधी काढून नंतर अपलोड करायची सोय त्यातही ठेवावी लागली. तरी जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच पत्र काढून सांगावं लागलं की काही ठिकाणी भलतेच फोटो चढवले जातायत, फोटोचाच फोटो काढला जातोय. माझ्या मते यातून एवढंच दिसतं की फोटो आला म्हणजे तास भरले असं होत नाही. यंत्र फक्त पोहोचलेली गोष्ट मोजतं.

मी सुचवतो ती रचना

शीटमध्ये वेळेचे दोन वेगळे रकाने ठेवा: "सांगितलेली वेळ" आणि "पोहोचलेली वेळ". माणसाने मेसेजमध्येच वेळ लिहायची: "आलो ७:१०", "निघालो ४:३०". तास मोजायचे ते पहिल्या रकान्यावरून. दोन्हींत फार अंतर असेल तर ती ओळ पिवळी करा, बस. आपोआप तास कापणारा नियम कधीही लावू नका. पिवळी ओळ पाहून टीमप्रमुखाने विचारावं, "दादा, तिकडे टॉवर नव्हता का?" हे काम माणसाचंच आहे.

टेलिग्रामवर बॉटफादर नावाचा अधिकृत बॉट आहे, त्याच्याकडून तुमचा बॉट बनवून घ्या. तो एक टोकन देतो. गुगल शीटमध्ये अ‍ॅप्स स्क्रिप्ट उघडून, ती वेब अ‍ॅप म्हणून चालू करून, तिचा पत्ता बॉटला वेबहुक म्हणून द्यायचा. इथवर कुठल्याही व्हिडिओत सापडेल. अडतं ते पुढे.

ग्रुपमध्ये बॉटला सुरुवातीला फक्त कमांड दिसतात, आणि टेलिग्रामच्या कमांड इंग्रजी अक्षरांतच असतात. साधं "आलो" लिहिलं तर बॉटपर्यंत ते जातच नाही. बॉटफादरकडे जाऊन प्रायव्हसी मोड बंद करा, मग बॉटला ग्रुपमधून काढून पुन्हा घ्या. आता तो ग्रुपमधलं सगळंच वाचेल, म्हणून हजेरीचा ग्रुप वेगळा ठेवा आणि सगळ्यांना हे आधी सांगा.

अंकांचंही बघा. कोणी मराठी अंकांत वेळ लिहितो, कोणी इंग्रजी. स्क्रिप्टमधला अंक ओळखायचा नेहमीचा नियम फक्त इंग्रजी अंक पकडतो, त्यामुळे मराठी अंक आधी बदलून घ्यावे लागतात. हे राहिलं तर मराठीत लिहिणाऱ्याचीच हजेरी बुडते, आणि ते फार वाईट.

टेलिग्रामची वेळ जागतिक वेळेनुसार, सेकंदांत येते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. स्क्रिप्टचा टाइम झोन भारताचा नसेल तर सकाळी ७ चा मेसेज शीटमध्ये रात्री १:३० चा दिसेल.

शेवटची भानगड दुहेरी नोंदीची. गुगलच्या वेब अ‍ॅपकडून टेलिग्रामला हवं तसं उत्तर गेलं नाही, की तो तीच खबर पुन्हा पुन्हा पाठवतो आणि एका माणसाच्या चार हजेऱ्या लागतात. प्रत्येक खबरीला अपडेट आयडी नावाचा वेगळा क्रमांक असतो. तो शीटमध्ये साठवा आणि आधीच असेल तर ओळ घालू नका.

बटण दाबून हजेरी लावायची सोय दिसायला छान वाटते, पण नेटवर्क नसताना दाबलेलं बटण मेसेजसारखं थांबून राहील याची खात्री नसते. जंगलात काम असेल तर मेसेजच बरा.

संध्याकाळी बॉटने ग्रुपमध्ये प्रत्येकाचे तास टाकावेत, एवढं नक्की करा. पगाराच्या दिवशी भांडण्यापेक्षा त्याच रात्री "माझे दीड तास कमी दिसतायत" म्हणणं सोपं जातं. जिथे गावच कामं काढतं तिथे हे जास्तच लागू पडतं. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावसारख्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभा बांबूची तोड आणि विक्री स्वतः बघू लागल्या. अशा ठिकाणी हिशोब सगळ्यांसमोर असलेला बरा.

तेंदूच्या हंगामात मात्र हा खटाटोप करू नका. तिथे मजुरी पुड्यांवर मिळते, तासांवर नाही. चॅट जोडायचंच असेल तर पुड्यांचा आकडा शीटमध्ये टाका, टाइम ट्रॅकर लागतच नाही.

आणि तो टोकन ग्रुपवर कधी टाकू नका. तो ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या बॉटच्या नावाने काहीही पाठवू शकतो. चुकून बाहेर गेलाच तर बॉटफादरकडून लगेच रद्द करून नवा घ्या आणि वेबहुक परत लावा.