बॉनेटची बिजागरी

गाड्यांवर लिहिणारे इंजिनावर लिहितात, अ‍ॅव्हरेजवर लिहितात, फार तर डॅशबोर्डावर लिहितात. बॉनेटच्या बिजागरीवर कोणी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. माझंही तिच्याकडे लक्ष गेलं नसतं. पण आमच्या 1998 सालच्या मारुती 800चं बॉनेट काचेच्या बाजूला डावीकडे बोटभर वर येऊ लागलं आणि खड्ड्यातून जाताना कुईं कुईं आवाज करू लागलं. ताईच्या घरून लगेच फर्मान आलं: आता ती गाडी भंगारात द्या. दाजी म्हणाले, "बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. घाटात बॉनेट उडून काचेवर आलं तर?"

प्रश्न चुकीचा नव्हता. बाबा अजून महिन्यातून एकदा खंडाळ्याचा घाट उतरून काकूकडे जातात, आणि आई शेजारी बसलेली असते. तेव्हा भंगार की दुरुस्ती हे ठरवायच्या आधी ही बिजागरी म्हणजे नक्की काय प्रकरण आहे ते बघू म्हटलं, आणि बघता बघता बराच मागे गेलो. नातेवाईक मंडळींनी थोडा धीर धरावा, गाडीचं काय झालं ते पुढे येतंच आहे.

सुरुवातीच्या मोटारींना आजच्यासारखं पुढून उघडणारं बॉनेट नव्हतंच. 1908 ते 1927 या काळात दीड कोटीहून जास्त खपलेली फोर्डची मॉडेल टी आठवा. इंजिन उंच आणि अरुंद, पुढे रेडिएटर, मागे लाकडी फळी, आणि या दोन टेकूंवर पत्र्याचं छप्पर. छपराच्या मधोमध लांबीत एक लांबलचक बिजागरी, पियानोच्या झाकणाला असते तशी. डावीकडचं काम असेल तर डावी पाखी उचला, उजवीकडचं असेल तर उजवी. खाली खिट्या. सगळं ओझं टेकूंवर असल्यामुळे बिजागरीला तसं काही सोसावं लागत नसे. ती खडखडायची, पण माणसाच्या जिवावर उठत नसे.

1930च्या दशकात गाड्या रुंद झाल्या, मडगार्डं अंगात शिरली, बाजूने हात घालायला जागा उरली नाही. मग बॉनेट मागे, काचेपाशी बिजागरी ठेवून पुढून उघडायची पद्धत आली. 1936 सालच्या कॉर्ड 810 आणि लिंकन झेफर या तिच्या सुरुवातीच्या नावाजलेल्या गाड्या. अमेरिकनांनी त्याला नाव दिलं अ‍ॅलिगेटर हूड, म्हणजे सुसरीचा जबडा. नाव अगदी चपखल आहे, कारण जबड्याचं सगळं ओझं जसं कानाजवळच्या सांध्यावर येतं तसं इथे मोठ्या पत्र्याचं ओझं मागच्या दोन छोट्या पिनांवर आलं.

आणि वारा! यात वाऱ्याचा हिशोब कोणी फारसा करत नाही, म्हणून मी कागदावर करून पाहिला. आमच्या मारुतीचं बॉनेट साधारण एक चौरस मीटर धरा. ते ताशी 80 किलोमीटरला उभं राहिलं तर त्यावर सुमारे 30 किलो वजनाइतका दाब येतो, 110ला तो जवळजवळ दुप्पट होतो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. अमेरिकेत 1969पासून नियमच झाला की पुढून उघडणारं बॉनेट समोरचं दिसणं अडवू शकत असेल तर त्याला दुसरा अटकाव हवा. आपण गाडीतून खटका ओढल्यावरही बॉनेट इंचभरच उघडतं आणि मग फटीत बोटं घालून एक जीभ सरकवावी लागते, ती जीभ म्हणजे हा दुसरा अटकाव. पावसात ती शोधताना आपण शिव्या घालतो. घालू नयेत.

हा धोकाच नको म्हणून काहींनी बिजागरी पुढे नेली. 1959ची ट्रायंफ हेरल्ड आणि 1961ची जॅग्वार ई-टाइप यांचा तर अख्खा पुढचा भागच पुढे कलंडतो. साबनेही पुढेच बिजागरी ठेवली. वाऱ्याने असं बॉनेट उलट दाबूनच बसतं. 1940च्या दशकातल्या ब्यूक गाड्यांत याहून गंमत होती: बॉनेट डावीकडूनही उघडे आणि उजवीकडूनही, ज्या बाजूने उघडाल त्याच्या समोरची बाजू बिजागरी व्हायची. हुशार रचना, पण मेकॅनिकने दोन्ही खटके एकदम ओढले की बॉनेट हातात!

अमेरिकन गाड्यांची बॉनेटं पुढे इतकी जड झाली की काठीवर टेकवणं गैरसोयीचं झालं, म्हणून बिजागरीलाच जाडजूड स्प्रिंगा आल्या. तिथले जुन्या गाड्यांचे शौकीन आजही घरच्या गॅरेजात याच बिजागऱ्यांशी झटापट करतात. त्यांची एक युक्ती मला फार आवडली. बॉनेट बंद असताना स्प्रिंग ताणलेली असते, उघडल्यावर सैल. मग अर्धवट ताणलेल्या अवस्थेत वेटोळ्यांच्या फटींत वॉशर किंवा नाणी अडकवायची, म्हणजे स्प्रिंग लांबच राहते आणि अलगद निघते. नाहीतर ती स्प्रिंग बोट तोडू शकते. तिथला दुसरा अनुभव असा की बिजागरी सुकून अडकली आणि तरी बॉनेट दाबून लावलं, तर पत्राच मधून दुमडतो. दोन थेंब तेलाच्या आळसापायी अख्खं बॉनेट जातं.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे, आणि मला खरं तर तीच सांगायची होती.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स 1928पासून गाड्या जोडत होती. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कुर्ल्याला कारखाना उभा केला. मग 1953 साली सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून ठरवलं की नुसतं बाहेरून सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी इथे थांबू नये. 1954पर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी गाशा गुंडाळला. पण त्यांच्या गाड्या रस्त्यावरच राहिल्या ना! शेवरोले, फोर्ड, प्लिमथ, सगळ्या इथेच, आणि त्यांचे भाग मात्र येईनात. नवी गाडी घ्यायची तर फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची.

(फियाट म्हणजे आपली डुक्कर फियाट. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या. चालत्या गाडीत दार उघडलं तर वारा ते सुसरीच्या जबड्यासारखंच उघडायचा. असो.)

तर या टंचाईतून आपल्याकडचा लेथवाला मोठा झाला असं माझं मत आहे. सायबाच्या देशात भाग झिजला की भाग बदलायचा, इथे भोक झिजलं की भोक गोल करायचं आणि पिन मोठी टाकायची. याला लोक जुगाड म्हणतात. मला तो शब्द इथे पटत नाही. तारेने बांधलं तर जुगाड. मापाने भोक मोठं करून मापाची पिन बसवणं हे सरळ सरळ यंत्रकाम आहे, आणि ते करणाऱ्यांची एक पिढी त्या तीस-चाळीस वर्षांत तयार झाली. आमचे बाबा त्यातलेच, पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य गेलं.

आता गाडी. आधी रोग ओळखायचा. बॉनेट अर्धवट उघडून काचेकडचा कोपरा धरून वरखाली हलवला. बिजागरी आणि पत्रा यांच्या मध्ये हालचाल असेल तर बोल्ट ढिले, काम पाच मिनिटांचं. पिनेपाशीच हालत असेल तर भोक झिजलंय. आमच्या दोन्ही बाजू पिनेपाशी हालत होत्या, डावी जास्त.

बाबांनी कामाला सुरुवात केली ती पेन्सिलीने. बिजागरीच्या कडेने बॉनेटवर रेघ मारली, म्हणजे परत बसवताना जागा सापडते. काचेपाशी दोन्ही कोपऱ्यांत जुनी चादर. मी आणि भाचा दोघांनी बॉनेट धरलं, बाबांनी बोल्ट काढले, आणि बॉनेट गादीवर आडवं ठेवलं. हे एकट्याने करण्यासारखं काम नाही, एक बाजू सुटली की दुसरीच्या जोरावर पत्रा पिळतो.

बिजागऱ्या घासलेटात धुतल्यावर कळलं. उजवीचं भोक लंबगोल झालेलं, बाकी पट्टी ठणठणीत. डावीला मात्र वाकणापाशी केसासारखी बारीक चीर होती. मातीखाली ती दिसतच नव्हती. भाचा म्हणाला, "आजोबा, वेल्डिंग मारून टाकू." बाबांनी पट्टी उजेडात धरली, नखाने चीर चाचपली आणि म्हणाले, "भोक झिजतं ते वापरून. चीर जाते ती थकून. थकलेल्याला जोडून चालवायचं नसतं." पातळ पट्टीला वेल्ड मारला की शेजारचं लोखंड कडक होतं आणि चीर पुढच्या वेळी वेल्डच्या कडेने जाते, हे नंतर त्यांनी सविस्तर सांगितलं.

मग उजवी घेऊन भोसरीला लेथवाल्या काकांकडे गेलो. रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवलं, पिन ठोकून बाहेर काढली. लंबगोल भोक रीमरने गोल केलं, त्या मापाची पिन ब्राइट बारमधून वळवली, एका टोकाला कॉलर, दुसऱ्या टोकाला नायलॉक नट. काकांनी चहासकट पाऊण तास घेतला. डावी मात्र बदलायचीच होती. मारुती 800 बनणं 2014 साली थांबलं तरी एवढ्या गाड्या रस्त्यावर होत्या की बिजागरी मिळायला दोनच दुकानं फिरावी लागली.

बसवताना सगळे बोल्ट आधी सैल, मग पेन्सिलीच्या रेघेवर आणून हलके आवळायचे. पहिल्यांदा बॉनेट कधीच आदळायचं नाही, हळू टेकवून मडगार्डाशी फट बघायची. डावीकडे नवी बिजागरी किंचित निराळी बसली, म्हणून रेघ सोडून तीन मिलिमीटर मागे घ्यावी लागली. मग पुढचे रबरी टेकू फिरवून उंची सारखी केली, खटका आणि ती दुसरी जीभ दहा-बारा वेळा लावून काढून पाहिली. जीभ अडकत होती. बाबा म्हणाले, "बिजागरीपेक्षा हिची काळजी कर." घासलेट, तारेचा ब्रश आणि ग्रीस, तेव्हा कुठे ती आपोआप परत यायला लागली.

हल्ली बिजागरीला आणखी एक काम लागलंय. 2005च्या सित्रोएन सी6 आणि त्यानंतरच्या काही गाड्यांत पायी चालणारा माणूस पुढे आदळला तर बॉनेटची मागची बाजू क्षणात काही सेंटीमीटर वर उचलली जाते, म्हणजे त्याचं डोकं खालच्या इंजिनावर आपटत नाही, मध्ये पत्र्याला दबायला जागा राहते. शंभर वर्षं आतल्यांची काळजी वाहून झाल्यावर बाहेरच्याची आठवण झाली. असली बिजागरी मात्र भोसरीला नेऊन चालायची नाही. तिच्यात स्फोटक असतं, आणि ती एकदा उडाली की बदलावीच लागते.

दाजींना फोटो पाठवले. त्यांनी चिरेचा फोटो मोठा करून पाहिला म्हणे, आणि फोन करून बाबांशी अर्धा तास बोलले. भंगाराचा विषय त्यात निघाला नाही, पण घाट मी किंवा भाच्याने चालवायचा असं मात्र दोघांनी ठरवलं. बाबा कसे कबूल झाले ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. पासिंग 2028 साली आहे, तोवर बघू. चीर गेलेली डावी बिजागरी त्यांनी फेकू दिली नाही, ती टूलबॉक्सवर खिळ्याला टांगली आहे. खटक्याच्या केबलला तेल सोडायचं राहिलंय, ते पावसाच्या आधी करायला हवं.