नंबर कुणाचा?

गेल्या वर्षी मे महिन्यात भर दुपारी एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा आजोबांबरोबर माझ्या दुकानात आला. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, खासबाग मैदानापासून चालत पाच मिनिटांवर माझं रेडियम आर्टचं दुकान आहे. पोराच्या काखेत गो-कार्टचे दोन साईडपॉड होते, म्हणजे चाकांच्या मधली बाजूची प्लास्टिकची कवचं. लालभडक आणि नवी कोरी.

"काका, याच्यावर चव्वेचाळीस टाका," पोरगा म्हणाला.

"चव्वेचाळीस कशाला? एकतीस टाका, पेंटर," आजोबा म्हणाले. त्यांनी आयुष्यभर ज्या टेम्पोतून मार्केट यार्डात गूळ वाहिला, त्या टेम्पोच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे एकतीस होते. त्या टेम्पोवर घर उभं राहिलं, मुलं शिकली. घरच्या पुढच्या प्रत्येक गाडीला त्यांनी हेच आकडे मागून घेतले होते.

दोघांचं बोलणं चालू असतानाच पोराच्या वडिलांचा फोन आला. शर्यतीच्या यादीत दोन्ही नंबर आधीच गेले होते. पोराच्या वाट्याला अठ्ठावन्न आला होता. पोराचे डोळे भरून आले. मी त्याला स्टुलावर बसवलं, पांढऱ्या विनाइलची गुंडाळी काढली आणि नंबर कापता कापता त्याच्याशी बोलत बसलो. त्या दिवशी जे बोललो, ते सविस्तर लिहावं असं तेव्हापासून मनात आहे.

कोल्हापुरात 'पेंटर' ही नुसती कामाची ओळख नाही, तो मान आहे. बाबूराव मेस्त्री या माणसानं याच गावात स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, आणि जग त्यांना बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखतं. मी त्या वाटेवरचा अगदी शेवटचा माणूस. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागची अक्षरं, तालमींच्या फुटबॉल संघांच्या जर्सीवरचे आकडे यांवर माझा हात तयार झाला. पेठेत पाटाकडील तालमीचा सामना असला की पाठीवरचे नंबर आदल्या रात्रीपर्यंत वाळायला हवेत, ही माझ्या तरुणपणीची पहिली शिस्त. पुढं उद्यमनगरातल्या मिस्त्री लोकांनी शर्यतीसाठी बांधलेल्या मोटारसायकली माझ्याकडं यायला लागल्या.

तिथं मी एक गोष्ट शिकलो. शर्यतीचा नंबर सजावटीसाठी नसतो. लांब उभ्या असलेल्या, हातात घड्याळ आणि वही घेतलेल्या माणसासाठी तो असतो. गाडी धुरळ्यातून येते, क्षणभर दिसते आणि जाते. तेवढ्यात त्याला तो वाचता आला पाहिजे. म्हणून तीनची तोंडं उघडी ठेवायची, नाहीतर तो आठ दिसतो. सहाची शेपूट वर सरळ काढायची, नाहीतर चिखल उडाला की तो शून्य होतो. जुन्या शर्यतींच्या फोटोत गाडीवर पांढरा गोल आणि त्यात काळा आकडा दिसतो, त्याचं कारणही हेच. गाडीचा रंग कुठलाही असो, आकडा पांढऱ्यावर काळा उठून दिसतो.

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास जिथून सांगतात, तिथंच नंबरही भेटतो. २२ जुलै १८९४ रोजी 'ल पती जुर्नाल' या वर्तमानपत्रानं पॅरिस ते रुआँ अशी १२६ किलोमीटरची स्पर्धा भरवली. अर्ज आले १०२ आणि प्रत्यक्षात निघाल्या २१ गाड्या. तरीही दुसऱ्या आलेल्या प्यूजोचा नंबर होता ६५. नंबर अर्जांच्या यादीतला, त्याच्यामागं दुसरा काही अर्थ नव्हता. सगळ्यात आधी पोचली ती काउंट द दियोंची वाफेवर चालणारी ४ नंबरची गाडी. पण तिला कोळसा घालायला वेगळा माणूस लागतो म्हणून पहिलं बक्षीस तिला मिळालं नाही. ते प्यूजो आणि पानार-लव्हासोर या दोघांत वाटलं गेलं.

इटलीतल्या 'मिले मिलिया'नं तर नंबरात घड्याळच बसवलं. ब्रेशा गावातून निघून रोमला जायचं आणि परत ब्रेशाला यायचं, सगळं साध्या रस्त्यांवरून, जवळजवळ १६०० किलोमीटर. मिनिटामिनिटाला एकेक गाडी सुटायची आणि ज्या वेळेला गाडी सुटली तोच तिचा नंबर. १९५५ साली स्टर्लिंग मॉस आणि वाट सांगायला शेजारी बसलेला डेनिस जेनकिन्सन सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी निघाले. त्यांच्या मर्सिडीजवर आकडा होता ७२२. दहा तास, सात मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंदांत ते परत आले. ताशी सरासरी १५७ किलोमीटरच्या वर. रस्त्याकडेच्या कुठल्याही गावातल्या माणसानं दारावरचा आकडा वाचायचा, हातातल्या घड्याळाकडं बघायचं आणि गाडी किती वेळात इथवर आली ते सांगायचं. पेंटरनं रंगवलेला याहून कामाचा आकडा माझ्या माहितीत नाही. त्या सकाळी मॉसला आठ मिनिटं उशिरा सोडलं असतं, तर आज शर्यतीच्या शौकिनांना पाठ असलेला आकडा ७३० असता.

आपल्या महाराष्ट्रातही असे आकडे येऊन गेले. १९६८ च्या नोव्हेंबरात लंडनहून सिडनीला ९८ गाड्या निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्या दिल्लीवरून मुंबईला आल्या. मुंबई बंदरात त्यांतल्या ७२ गाड्या 'चुसान' बोटीवर चढल्या आणि ऑस्ट्रेलियाला गेल्या. शेवटी जिंकली अँड्र्यू कोवनची साधी हिलमन हंटर, नंबर ७५. मुंबईच्या धक्क्यावर ती इतर गाड्यांसारखीच धुळीनं माखलेली उभी असणार. तिच्या दारावरच्या आकड्याला अजून काहीच अर्थ आलेला नव्हता.

आमच्या भागातली खरी जुनी शर्यत बैलगाड्यांची. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं ती बंद केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली, आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा ग्राह्य धरला. तिथं छकडा हाकणाऱ्यालाही 'ड्रायव्हर'च म्हणतात. गट पडतात, चिठ्ठ्या निघतात, आणि कुठल्या तासातून पळायचं ते चिठ्ठी ठरवते. तास म्हणजे पळायची आखलेली वाट. आज तीन नंबरचा तास, उद्या सहाचा. तो आकडा मैदानावरच राहतो, कुणाच्या घरी जात नाही. माणसं बैलाला नावानं ओळखतात. त्याची शिंगं, त्याचा रंग, त्याची धाव लांबून कळते. मोटारीच्या शर्यतीत मात्र माणूस हेल्मेटात झाकलेला. त्याचा चेहरा दिसत नाही आणि दोन गाड्या एकाच रंगाच्या असतात. म्हणून बघणाऱ्यांनी नंबरालाच चेहरा मानलं. माझ्या मते शर्यतीच्या नंबराला जो जिव्हाळा चिकटला, तो इथून.

फॉर्म्युला वनमध्ये १९७३ पर्यंत दर शर्यतीला आयोजक वेगळे नंबर द्यायचे. १९७४ पासून संघांना कायमचे नंबर मिळाले. विश्वविजेत्याच्या संघाला १ आणि २, आणि त्याचे जुने नंबर ज्याच्याकडून १ आणि २ गेले त्या संघाला. १९८० साली विल्यम्सचा ॲलन जोन्स जिंकला. त्यामुळं १९८१ मध्ये फेरारीचे १ आणि २ विल्यम्सकडं गेले आणि विल्यम्सचे २७ आणि २८ फेरारीकडं आले. एका हंगामात सगळं गमावल्यावर हाती आलेले, दुसऱ्याचे उतरलेले आकडे. पण २७ नंबरच्या गाडीत जील व्हिलनव्ह बसला. ती गाडी त्यानं अशी पळवली, की लोक वेडे झाले. ८ मे १९८२ रोजी बेल्जियममध्ये झोल्डरला तो गेला. फेरारीच्या माणसाला आज २७ म्हणा, तो व्हिलनव्हच म्हणेल.

विजेता निघून गेला की १ नंबर रिकामा राहायचा. १९९२ चा विजेता मॅन्सेल अमेरिकेत गेला, १९९३ चा विजेता प्रोस्त निवृत्त झाला. दोन्ही वेळा डेमन हिलच्या विल्यम्सवर चक्क ० आला. १३ तर बरीच वर्षं कुणी लावत नसे. १९२५ मध्ये पॉल तोर्ची आणि १९२६ मध्ये जुलिओ मासेत्ती १३ नंबरच्या गाडीत गेले, तेव्हापासूनची ती भीती.

आपला नारायण कार्तिकेयन, फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, २००५ साली जॉर्डन संघाच्या १९ नंबरच्या गाडीत होता आणि २०१२ मध्ये दुसऱ्या संघाच्या २३ नंबरच्या. तेव्हा नंबर गाडीबरोबर मिळायचा. २०१४ पासून नियम बदलला. २ ते ९९ मधला आकडा ड्रायव्हरनं स्वतः निवडायचा आणि कारकीर्दभर बाळगायचा, असं तेव्हा ठरलं. १ फक्त विजेत्यानं, तोही त्याला हवा असेल तर.

मग प्रत्येकाच्या मनातलं बाहेर आलं. हॅमिल्टननं ४४ घेतला. तो लहानपणी कार्ट चालवायचा तेव्हापासूनचा, आणि मुळात त्याच्या वडिलांच्या मोटारीच्या पाटीवरचा. हे सांगितल्यावर आजोबांनी नातवाकडं बघितलं. त्यांचं एकतीस आणि पोराचं चव्वेचाळीस एकाच वाटेनं आलं होतं.

अलोन्सोनं १४ घेतला. १४ जुलै १९९६ रोजी, वयाच्या चौदाव्या वर्षी, १४ नंबरच्या कार्टमध्ये त्यानं जागतिक स्पर्धा जिंकली होती. फिनलंडच्या बोटासनं ७७ घेतला, कारण इंग्रजी सातचे दोन आकडे त्याच्या आडनावातल्या दोन टी अक्षरांच्या जागी बसतात. ही कला कोल्हापूरकराला नवी नाही. इंग्रजी दोन-एक-चार अशा वळणानं काढायचे की 'राम' दिसावं, आणि चार-नऊ-एक-दोन मिळून 'पवार'. अशा पाट्या मी स्वतः रंगवल्या आहेत. नियमात ते बसत नव्हतं, आणि हाय सिक्युरिटी प्लेट आल्यापासून ते कामही थांबलं. पण एमएच ०९ च्या पुढं आपलं काहीतरी असावं, ही ओढ आरटीओच्या खिडकीवर अजून तशीच आहे. कुणाला बेरीज नऊ हवी, कुणाला लग्नाची तारीख हवी. तिकडं फॉर्म्युला वनमध्ये लेक्लेअरला ७ हवा होता, तो दुसऱ्याकडं होता. त्यानं १६ घेतला. ती त्याची जन्मतारीख, आणि एक अधिक सहा सात.

त्याच लेक्लेअरचा धर्मपिता होता जूल बियांकी. त्यालाही मनासारखा नंबर मिळाला नव्हता. ७, २७ आणि ७७ हे तीनही आधीच गेले, म्हणून त्याच्या वाट्याला १७ आला. ऑक्टोबर २०१४ मध्ये जपानच्या पावसात त्याला अपघात झाला आणि जुलै २०१५ मध्ये तो गेला. त्यानंतर १७ हा आकडा कायमचा बाजूला ठेवला गेला. नाइलाजानं घेतलेला नंबर इतका त्याचा झाला, की आता दुसऱ्या कुणाला तो देववत नाही.

हे सांगताना माझा अठ्ठावन्न कापून झाला होता. साबणाचं पाणी मारून, रबरी पट्टीनं हवा काढत मी तो लाल प्लास्टिकवर बसवला. आपल्याच गावचे कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेले, ध्रुव मोहिते राष्ट्रीय शर्यतींत पळाले, इथल्या मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर देशभरातली पोरं कार्टिंगला आली, हेही पोराला सांगितलं. तो काही बोलला नाही. साईडपॉड काखेत मारून गेला.

यंदाच्या मे महिन्यात दोघं परत आले. एकतीस नंबर लावणारा मुलगा वरच्या गटात गेला होता आणि तो आकडा मोकळा झाला होता. आजोबा खुशीत होते. साईडपॉडवर खरचटल्याच्या रेघा होत्या आणि लाल रंग उन्हानं उडून विटकरी झाला होता. मी हीट गन मारली, जुने आकडे सोलले, चिकटा थिनरनं पुसला आणि थांबलो. विनाइलच्या खालचं प्लास्टिक उन्हापासून वाचलं होतं. विटक्या कवचावर अठ्ठावन्न तसाच उभा होता, वर्षापूर्वीच्या लालभडक रंगात.

"यावर एकतीस बसवला तरी मागून हा दिसणार," मी सांगितलं.

पोरगा आजोबांकडं बघत राहिला. आजोबांनी त्या लाल आकड्यांवरून अंगठा फिरवला. सगळ्यांत खोल ओरखडा आठच्या पोटातून गेला होता. तो कुठल्या शर्यतीत पडला, हे त्यांनी पोराला विचारलं. पोरानं सगळं सांगितलं. कुठलं वळण, कोण मध्ये आला, शेवटी हा कितवा आला. आजोबांनी मान हलवत ऐकून घेतलं.

"ह्योच ऱ्हाऊ दे, पेंटर," ते म्हणाले.

मी पांढरा अठ्ठावन्न परत कापला आणि खालच्या लाल आकड्याच्या कडेला कड लावून बसवला.