कव्हर बाईंनी शिवावं

आमच्या बँकेत पहिला संगणक आला, तेव्हा मला दोन कामं मिळाली. दारात रांगोळी काढायची आणि संगणकाला कव्हर शिवायचं. साल १९८८. त्याला धूळ सोसत नाही, उकाडा सोसत नाही आणि चपला तर मुळीच सोसत नाहीत, असं साहेबांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. थोडक्यात, देवघरच! नारळ फुटला, पेढे वाटले आणि शिकायला पुण्याला गेले तीन पुरुष. "बाई, तुम्हाला घरचं असतं ना," असं म्हणून साहेबांनी माझं नाव अगदी मायेनं गाळलं. आणि मी वेडी! निळ्या पॉपलिनचं कव्हर शिवलं, वर झालरसुद्धा लावली.

ही हकीकत भाचीला सांगितली. हसेल असं वाटलं होतं. तर म्हणाली, "मावशी, तू ॲडलेडला असायला हवी होतीस."

ॲडलेड म्हणजे क्रिकेट, इतकंच माझं ज्ञान. पण ऑस्ट्रेलियातल्या त्या शहरात १९९१ साली चार कलावंत बायकांनी मिळून 'व्हीएनएस मॅट्रिक्स' नावाचा गट काढला. जोसेफिन स्टार्स, ज्युलियन पीअर्स, फ्रान्चेस्का द रिमिनी आणि व्हर्जिनिया बॅरट. संगणक ही पुरुषांची जहागीर का, असा त्यांचा सवाल. त्यांनी एक सायबरफेमिनिस्ट जाहीरनामा लिहिला आणि भल्यामोठ्या फलकावर झळकवला. त्याची भाषा इथं देता येत नाही. भाचीनं वाचून दाखवायला सुरुवात केली, तशी मी उठून खिडकी लावून घेतली.

मग त्यांनी संगणकावरचा एक खेळ रचला. त्यातला खलनायक 'बिग डॅडी मेनफ्रेम', म्हणजे यंत्रातले थोरले पप्पा. (मला साहेबच दिसले.) खेळाडूला आधी विचारतात: तू पुरुष, स्त्री, की दोन्ही नाही? पहिल्या दोहोंपैकी काहीही सांगितलंत, की बाहेर! उभ्या जन्मात इतके फॉर्म भरले, पण असा फॉर्म एकदाही समोर आला नाही.

१९९७ साली युरोपात याच पंथाच्या बायकांनी बर्लिनला मंडळ काढलं. नाव काय, तर 'ओल्ड बॉइज नेटवर्क'! एका शाळेतली मुलं मोठी होऊन एकमेकांना नोकऱ्या नि बढत्या देतात, त्या सोयरिकीला इंग्रजीत हे नाव आहे. बायकांनी ते सरळ उचलून स्वतःच्या दारावर लावलं. त्याच वर्षी सप्टेंबरात कासेल गावी डॉक्युमेंटा या प्रचंड कलाप्रदर्शनात त्यांचं पहिलं आंतरराष्ट्रीय संमेलन भरलं. आता सायबरफेमिनिझम म्हणजे नेमकं काय? व्याख्या करायला बसलं की मंडळ मोडतं, हे भिशी चालवणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. त्यांनी तो काय नाही, याचीच शंभर कलमं केली, तीही निरनिराळ्या भाषांची खिचडी करून. आपल्याकडे नेति नेति म्हणायला ऋषी लागले!

फेथ वाइल्डिंगबाईंना मात्र ही टाळाटाळ तितकीशी मानवली नाही. राजकारण करायचं तर काहीतरी ठरवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. शिवाय या बाईंनी १९७२ साली लॉस एंजेलिसच्या एका घरात सबंध खोलीभर क्रोशाचं जाळं विणलं होतं. क्रोशावालीवर माझा विश्वास चटकन बसतो.

पण खरी मौज केली कॉर्नेलिया झोलफ्रांक यांनी. हाम्बुर्गच्या कुन्स्टहाले या संग्रहालयानं १९९७ साली इंटरनेटवरच्या कलेची स्पर्धा जाहीर केली. या बाईंनी काय करावं? दोनशेंहून अधिक कलावंत स्त्रिया जन्माला घातल्या! प्रत्येकीला नाव, पत्ता, फोन, ई-मेल. कलाकृती करायला एक प्रोग्रॅम लावला. तो इंटरनेटवरून सापडेल ते गोळा करायचा नि कालवून द्यायचा. भेळच म्हणा ना. संग्रहालयानं मोठ्या आनंदानं जाहीर केलं, की स्पर्धकांत दोनतृतीयांश बायका आहेत!

निकाल लागला. बक्षिसं तीन. तिन्ही पुरुषांना.

मग बाईंनी पत्रक काढून सगळं उघड केलं. कुणी म्हणेल, यंत्राच्या भेळेला बक्षीस कशाला द्यायचं? कबूल. परीक्षकांची कीव करायचीही माझी तयारी आहे. मला खटकलं ते आधीचं, ते आनंदानं मोजणं. आमच्या शाखेचा अहवाल निघायचा, त्यातही 'महिला कर्मचारी : सात' अशी ओळ अभिमानानं छापलेली असायची. सातांतल्या एकीलाही त्या खोलीची किल्ली नव्हती. झाडणाऱ्या बाईंना होती, पण त्या सातांत धरलेल्या नव्हत्या.

"मग तू संगणक शिकलीस कधी?" भाचीनं विचारलं.

"तिघांतल्या एकाची बदली झाली तेव्हा. १९९२ साली. आणि मला शिकवलं कुणी माहितेय? त्या झाडणाऱ्या बाईंनी. रोज खोलीत असायच्या, कुठलं बटण आधी दाबायचं ते बघून ठेवलं होतं."

पुढे ते यंत्र भंगारात गेलं. कव्हर तेवढं मी घरी आणलं. शिवणयंत्राला ते फार सैल होतं. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं आत घेतल्यावर नीट बसलं.