सायकलवरून पडून कॉलरबोन मोडले तर? उपचार, काळजी आणि पुन्हा सायकल चालवण्याचे वेळापत्रक

सायकलवरून पडल्यावर जी हाडे वारंवार मोडतात, त्यांत कॉलरबोनचा क्रमांक बराच वरचा आहे. गळ्याच्या खाली, दोन्ही बाजूंना हाताला आडवे लागते ते हे हाड. मराठीत त्याला जत्रुकास्थी असा शब्द आहे, पण दवाखान्यात सगळे कॉलरबोन किंवा क्लॅव्हिकलच म्हणतात. हे हाड बहुतेक वेळा नीट जुळते. मात्र ते कसे जुळते, ऑपरेशन कधी लागते आणि सायकलला परत हात कधी लावायचा, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

नेमके हेच हाड का मोडते?

कॉलरबोनचे एक टोक छातीच्या मधल्या हाडाला आणि दुसरे खांद्याच्या पात्याला जोडलेले असते. हात आणि धड यांना हाडाने जोडणारा हा एकमेव दुवा आहे. सायकलस्वार हँडलवरून पुढे किंवा बाजूला फेकला जातो तेव्हा बहुतेकदा खांदा थेट रस्त्यावर आपटतो आणि तो सगळा धक्का या बारीक हाडात शिरतो.

हाडाचा आकार इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वळणदार असतो. मधला भाग सर्वांत बारीक असतो आणि त्याला स्नायूंचे संरक्षणही कमी असते. म्हणूनच कॉलरबोनची साधारण दहापैकी सात ते आठ फ्रॅक्चर मधल्या भागात होतात. उरलेली बहुतेक खांद्याकडच्या टोकाला होतात. छातीकडच्या टोकाची फारच थोडी असतात.

मोडल्यावर मानेचा स्नायू आतला तुकडा वर खेचतो आणि हाताच्या वजनाने बाहेरचा तुकडा खाली जातो. त्यामुळे खांदा पडल्यासारखा दिसतो आणि हाडावर उंचवटा येतो. दुचाकीवरून घसरलेल्यांमध्येही हीच दुखापत याच कारणाने दिसते.

पडल्यानंतर लगेच काय करावे?

- आधी डोके, मान आणि श्वास पाहा. बेशुद्धी, उलटी, मानेत तीव्र वेदना किंवा धाप असेल तर जखमीला उगाच हलवू नका. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.
- दुखरा हात कोपरात वाकवून पोटाजवळ घ्या आणि ओढणी, पंचा किंवा टॉवेलची झोळी करून गळ्यात अडकवा. हाताचे वजन उचलले गेले की वेदना लगेच कमी होते.
- त्या हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. सूज आल्यावर ते निघत नाही.
- बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटे लावा.
- हात ओढून हाड 'बसवण्याचा' प्रयत्न करू नका, मालिश करू नका. या हाडाच्या मागेच हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसांचा जुडगा असतो आणि खाली फुप्फुसाचे टोक असते. अंदाजाने केलेली ओढाताण महागात पडू शकते.

रस्त्यात पडलेल्याला मदत करायला लोक कचरतात, कारण पोलिसांची भानगड नको वाटते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे

हाडावर जखम होऊन रक्त येत असेल, हाडाच्या टोकाने कातडी ताणून पांढरी पडली असेल, हात गार किंवा निळसर वाटत असेल, बोटे बधिर झाली असतील किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर सकाळपर्यंत थांबू नका. एरवीही त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्यावा.

झोळी की ऑपरेशन?

हाडाचे तुकडे जागेवर असतील किंवा थोडेच सरकले असतील, तर ऑपरेशनची गरज सहसा नसते. हात झोळीत ठेवतात आणि हाड आपोआप जुळते. या हाडाला प्लास्टर घालता येत नाही. पूर्वी दोन्ही खांदे मागे खेचणारा आठच्या आकड्यासारखा पट्टा सर्रास देत, आजही तो 'क्लॅव्हिकल ब्रेस' म्हणून मिळतो. पण साध्या झोळीनेही हाड तितकेच चांगले जुळते आणि काखेत काचत नाही, असे अभ्यासांत दिसले आहे.

ऑपरेशनचा विचार पुढील परिस्थितीत होतो: उघडी जखम, कातडीला धोका, नस किंवा रक्तवाहिनीला इजा, हाडाचे अनेक तुकडे, तुकडे एकमेकांपासून पूर्ण सुटलेले असणे किंवा एकमेकांवर चढून हाड बरेच आखूड होणे. खांद्याकडच्या टोकाच्या काही फ्रॅक्चरनाही ते लागते. ऑपरेशनमध्ये हाडावर धातूची पट्टी स्क्रूने बसवतात किंवा हाडाच्या आत सळई घालतात.

कॅनडात १३२ रुग्णांवर झालेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या चर्चेत महत्त्वाचा ठरला. मधल्या भागातले हाड पूर्ण सरकलेल्या रुग्णांमध्ये, प्लेट बसवलेल्यांचे हाड न जुळण्याचे प्रमाण झोळीवाल्यांपेक्षा कमी होते. तेव्हापासून अशा फ्रॅक्चरसाठी ऑपरेशनकडे कल वाढला. पण ऑपरेशन न करताही बहुतेकांचे हाड जुळते, आणि एकदा जुळले की वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या हाताच्या कामात फार मोठा फरक राहत नाही. दुसरीकडे, ऑपरेशनमध्ये जंतुसंसर्गाचा धोका असतो, टाक्यांच्या खाली छातीवरची कातडी बधिर राहू शकते आणि कातडीखाली प्लेट टोचू लागली तर ती काढायला दुसरे ऑपरेशन करावे लागते. वय, काम, खेळ आणि एक्स-रे पाहून अस्थिरोगतज्ज्ञाशी बोलूनच हा निर्णय घ्यावा.

हाड जुळण्याचे वेळापत्रक

प्रौढांमध्ये हाड जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे आणि लहान मुलांमध्ये ३ ते ६ आठवडे लागतात. पूर्ण ताकद यायला त्यानंतर जवळपास तितकाच काळ जातो. पुढील टप्पे सर्वसाधारण आहेत. तुमच्या बाबतीत डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट सांगतील तेच खरे.

*पहिले २ आठवडे:* सर्वांत जास्त दुखण्याचा काळ. हात झोळीत असतो, पण बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचे असतात, नाहीतर ते आखडतात.

*२ ते ६ आठवडे:* पुढे वाकून हात लोंबकळत ठेवून लंबकासारखा हलवणे, मग दुसऱ्या हाताच्या आधाराने उचलणे, असे व्यायाम सुरू होतात. हात खांद्याच्या वर नेणे आणि वजन उचलणे बंद. भरलेली बादली, गॅस सिलिंडर, कडेवर मूल यांना नाही म्हणायचे.

*६ ते १२ आठवडे:* एक्स-रेत हाड जुळताना दिसले की झोळी पूर्ण सुटते, हात डोक्यावर नेता येतो आणि हलक्या वजनाने ताकद वाढवतात.

*३ महिन्यांनंतर:* बहुतेकांना पूर्ववत काम करता येते. पुन्हा पडण्याची शक्यता असलेले खेळ साधारण तीन-चार महिन्यांनी, डॉक्टरांची परवानगी घेऊन.

घरी काय सोपे पडते?

सपाट झोपल्यावर हाड ओढले जाते. त्यामुळे पहिले काही दिवस पाठीमागे उशा लावून अर्धवट बसल्यासारखे झोपावे आणि हाताखाली एक छोटी उशी घ्यावी. टी-शर्टपेक्षा पुढून बटणांचा शर्ट बरा. घालताना दुखरा हात आधी, काढताना तो शेवटी. आंघोळीच्या वेळी झोळी काढली तरी हात अंगालगत ठेवावा. काखेत घाम साचून कातडी सोलवटते, म्हणून ती जागा कोरडी ठेवावी.

धूम्रपानाने हाड न जुळण्याचा धोका वाढतो. तंबाखू-गुटख्यातल्या निकोटिनपासूनही या काळात दूर राहावे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणे गरजेचे आहे. डाळी, अंडी, दूध, मासे असा प्रथिने आणि कॅल्शियम देणारा आहार पुरेसा असतो. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, विशेषतः मूत्रपिंडाचा किंवा पोटात अल्सरचा त्रास असेल तर.

'तो तर महिन्यात सायकलवर आला!'

४ एप्रिल २०२४ रोजी स्पेनच्या बास्क प्रांतातल्या शर्यतीत मोठा अपघात झाला. त्यात बेल्जियमच्या रेम्को एव्हेनपूलचे कॉलरबोन आणि खांद्याचे पाते मोडले. डेन्मार्कच्या योनास व्हिंगेगार्डचे कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, शिवाय फुप्फुसालाही इजा झाली. त्याच वर्षी जुलैत 'टूर द फ्रान्स'मध्ये व्हिंगेगार्ड दुसरा आणि एव्हेनपूल तिसरा आला. पुढे पॅरिस ऑलिंपिकमध्ये एव्हेनपूलने दोन सुवर्णपदकेही जिंकली.

सोशल मीडियावर अशा गोष्टी प्रेरणा म्हणून फिरतात. पण या खेळाडूंच्या मागे डॉक्टर आणि फिजिओंचा ताफा असतो, विश्रांती हेच त्यांचे काम असते आणि सराव बंद रस्त्यांवर किंवा घरातल्या ट्रेनरवर करता येतो. खड्डे चुकवत ऑफिस गाठणाऱ्याला ही सोय नसते. प्लेट हाडाला धरून ठेवते, हाड जुळण्याचा वेग वाढवत नाही. जुळण्याआधीच पुन्हा पडल्यास प्लेट वाकू किंवा तुटू शकते आणि स्क्रू उपटून येऊ शकतात.

पुन्हा सायकल कधी?

स्थिर सायकलवर, हँडलवर भार न टाकता पाय फिरवणे काहींना दोन-तीन आठवड्यांनी जमते, तेही डॉक्टरांना विचारून. रस्त्यावर उतरण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात: एक्स-रेत हाड जुळले आहे, दाबल्यावर दुखत नाही, दोन्ही हातांनी जोरात ब्रेक दाबता येतो आणि मान वळवून मागे पाहता येते. सुरुवात सपाट, कमी रहदारीच्या रस्त्यावर करावी.

डोके आपटले असेल तर हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. आतला फोम एकदा दबला की पुन्हा तसे संरक्षण देत नाही. कार्बनची फ्रेम, फोर्क आणि हँडल दुकानात दाखवून घ्यावे. कार्बनमधली चीर सहज दिसत नाही.

पुन्हा डॉक्टरांकडे कधी जावे?

हाड जुळल्यावर त्या जागी गाठीसारखा उंचवटा राहतो. ते नवे हाड असते आणि बहुधा त्याचा त्रास होत नाही. मात्र ताप येणे, टाक्यांतून पू येणे, बोटांत नव्याने मुंग्या येणे, ठीक होत आलेले दुखणे अचानक वाढणे किंवा तीन महिन्यांनंतरही हाडाची टोके हलल्यासारखी वाटणे, यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता दाखवावे. न जुळलेल्या हाडावरही उपचार होतात, पण ते लवकर लक्षात आलेले चांगले.