रहाटाचे पाय

हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात एक अरुंद भेग आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी समुद्र तीत घुसतो आणि पाणी उंच उसळते. पाणी वर चढविण्याचे काम तेथे फुकट होते. पण ते पाणी खारे. गोडे पाणी वर काढायला मात्र गावाला घाम गाळावा लागला. आज मी त्या घामाविषयी बोलणार आहे.

कोकणात तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सारा चार महिन्यांत. दिवाळी सरली की नारळ-पोफळीची वाडी पाणी मागू लागते, ती थेट मृगापर्यंत. म्हणून विहिरीवर रहाट आला. संस्कृतातला 'अरघट्ट' तो हाच. मोठे चाक, त्यावर दोराची माळ, माळेला बांधलेली मातीची गाडगी. भरलेली वर येतात, पन्हळीत रिती होतात, पुन्हा खाली जातात. पाणी पाटाने आळ्यांत पोचते. संसाराला रहाटगाडगे म्हणताना ही वस्तू आपल्या डोळ्यांसमोर असतेच असे नाही.

ज्याच्या घरी बैल वा रेडा, त्याचा रहाट जनावर ओढी. इतरत्र पायरहाट. त्यावर माणूस बसे, हातांनी आरे ओढी आणि पायांनी रेटी, तासन् तास. पहाटेच्या त्या करकरीची आठवण काढून हळवे होणारे लोक मला भेटतात. ते बहुधा त्या वेळी अंथरुणात होते. पाय कुळाचे किंवा गड्याचे असत.

पंप आला आणि रहाट गेला, असे सर्रास सांगतात. मला क्रम उलटा वाटतो. आधी पाय गेले. १८५६ साली मुंबईत कावसजी दावरांची गिरणी चालू झाली, तिच्यामागून इतर गिरण्या उभ्या राहिल्या, आणि दाभोळ-जयगडला लागणाऱ्या आगबोटींनी रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे तिकडे नेली. विहिरीच्या तळाकडे पाहून दिवस मोजणारा माणूस भोंग्यावर उठू लागला. १८८० पासून टपालखात्याची मनिऑर्डर गावाकडे येऊ लागली. खोताच्या वेठीपेक्षा गिरणीची पाळी बरी, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडले. कायदा व्हायला मात्र १९४९ साल उजाडले. तोवर किती पाय निघून गेले असतील!

मागे राहिल्या बायका आणि म्हातारी माणसे. रिकाम्या झालेल्या त्या जागी तेलाचे इंजिन आले आणि पुढे विजेचा पंप. याच जिल्ह्यात, पोफळी गावी, कोयनेची वीज १९६२ मध्ये निघू लागली. तिचा ओढा आधी मुंबईकडे होता, खेड्यांची पाळी मागाहून. त्या गावाच्या नावात पोफळ आहे, हा योगायोगच म्हणायचा. पंपाच्या किमतीत मनिऑर्डरीचे पैसे कित्येक घरांनी घातले असतील. म्हणजे गेलेल्या माणसाने आपल्या पायांची भरपाई स्वतःच करून दिली.

पंपाने बाईची कंबर वाचवली. त्याला नावे ठेवणाऱ्याने एक सकाळ पायरहाट मारून पाहावा. पण रहाटाला एक गोष्ट येत होती, ती पंपाला येत नाही. तो दमत असे. पाणी खाली गेले की बैल सोडत, माणूस उतरे, आणि तेवढ्यात झरे विहीर पुन्हा भरीत. पंप दमत नाही. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्याला रेटून धरते. उपसा वाढला की तो रेटा कमी होतो, आणि खारे पाणी आत सरकते. मग चैत्र-वैशाखात विहीर मचूळ लागते. घळीत उसळलेला समुद्र सर्वांना दिसतो, ही भरती कोणाला दिसत नाही. थोडे खारे पाणी नारळ सोसतो. पोफळ सोसत नाही. तिची झावळी शेंड्यापासून करपू लागते.