जातं, जात आणि घरातला छापखाना

ओळखीतली एक मुलगी सध्या चित्रकथेचं पुस्तक छापते आहे. छापखान्यात नव्हे, घरात. लिनोलियमवर चित्र उलटं कोरायचं, त्यावर शाईचा रूळ फिरवायचा, वर पातळ जपानी कागद ठेवायचा आणि पाठीमागून चमच्यानं घासून ठसा उचलायचा. असं एकेक पान. पन्नास प्रती काढणार आहे, शिवणारही स्वतःच. विषय आपल्याकडची बिरादरी. ‘इस्लाममध्ये जात नाही’ हे ज्या तोंडानं सांगतात, त्याच तोंडानं स्थळ आलं की ‘कोण आहेत ते, आपल्यातले का?’ असं विचारतात, ती गोष्ट. प्रकाशकांना दाखवलंस का, म्हणून विचारलं. एकाला खर्च जमेना. दुसरा म्हणाला, तुमच्याच लोकांना रुचायचं नाही. घरच्यांचं म्हणणं, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? मग तिनंच मला विचारलं, “चाचा, असं याआधी कुणी केलंच नाही का?”

केलं आहे. शंभरेक वर्षांपूर्वी, कलकत्त्यात. एका ब्राह्मण जमीनदारानं ब्राह्मणांवर, आणि स्वतःच्या घरात छापून.

गगनेंद्रनाथ टागोर हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असलंच, तर रवींद्रनाथांचा चुलत पुतण्या म्हणून. जन्म १८६७. धाकटा भाऊ अवनींद्रनाथ चित्रकार म्हणून फार गाजला, त्यामुळे थोरला त्याच्या सावलीत राहिला. माझ्या मते दोघांत जास्त धाडसी गगनेंद्रनाथच. जोडासांकोतल्या पाच नंबरच्या वाड्याला दक्षिणेकडे लांब ओसरी होती. तिथं हे भाऊ बसत, हुक्का ओढत, चित्रं काढत. बंगाली लेखनात त्या ‘दक्षिणेच्या ओसरी’ला जवळजवळ दंतकथेचं स्थान आहे.

या घराण्याची जातीतली जागा कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. टागोर हे पिराली ब्राह्मण. आख्यायिका अशी : पंधराव्या शतकात जेसोरच्या बाजूला खान जहान अलींच्या कारभारात पीर अली नावाचा अधिकारी होता, ब्राह्मणाचा मुसलमान झालेला. रमजानात त्यानं लिंबाचा वास घेतला. दरबारातले ब्राह्मण हसून म्हणाले, वास घेतला म्हणजे अर्धं खाल्लं, तुमचा रोजा गेला. पीर अली गप्प बसला. काही दिवसांनी त्यानं त्यांना बोलावलं आणि शेजारी गोमांस शिजत ठेवलं. वास दरवळला. तुमच्याच शास्त्रानं आता तुमचा धर्म गेला, म्हणाला. खरं-खोटं बाजूला ठेवू. कुणा पूर्वजाच्या नाकात शिरलेल्या वासापायी पुढच्या कित्येक पिढ्यांशी इतर ब्राह्मण सोयरीक करायला कचरत, हे मात्र खरं. पैसा होता, इल्म होता, इंग्रज साहेब पंगतीला होते, पण सोयरिकीच्या बाजारात टागोर उणेच. जात कशी दळते, हे त्यांना घरातूनच ठाऊक होतं.

दुसरी बाजूही आहे. रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ ब्राह्मो झाले, पण गगनेंद्रनाथांची शाखा झाली नाही. कुलदैवत पाच नंबरच्या वाड्यात राहिलं. म्हणजे त्यांनी भटशाहीवर ओढलेले कोरडे बाहेरच्या सुधारकाचे नव्हते. देवघर असलेल्या घरातून ते आले.

आता जपान. १९०२ मध्ये ओकाकुरा काकुझो हा जपानी विद्वान कलकत्त्यात आला. आशिया एक आहे, असं सांगणारा हाच माणूस. पुढच्याच वर्षी त्यानं योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो या दोन तरुण चित्रकारांना पाठवलं. टागोर मंडळींनी त्यांना रंग लावताना जवळून पाहिलं. अवनींद्रनाथांनी त्यातून चित्र पाण्यात भिजवून रंग विरवण्याची आपली रीत काढली. गगनेंद्रनाथांनी वेगळी गोष्ट उचलली : काळी शाई, जाड कुंचला आणि मोकळा सोडलेला कागद. त्यांनी कावळे काढले. १९१० मध्ये शाईच्या बारा चित्रांचा संच निघाला. कावळ्यासारख्या घाणेरड्या, आगाऊ, रोजच्या पक्ष्यावर चित्रसंच काढावा हे तेव्हाच्या हिंदुस्थानी चित्रकाराला सुचणं अवघड होतं. राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती तेव्हा भिंतीभिंतीवर होत्या. १९१२ मध्ये रवींद्रनाथांच्या ‘जीवनस्मृति’साठी त्यांनी चोवीस चित्रं काढली, तीही याच हातानं.

१९१६ मध्ये रवींद्रनाथ जपानला जाऊन आले. त्यांच्या निमंत्रणावरून आराई काम्पो हा चित्रकार जोडासांकोच्या ‘विचित्रा’त शिकवायला आला. ‘विचित्रा’ म्हणजे टागोरांच्या वाड्यातलीच कलेची सभा, जिथं चित्र, वाचन, नाटक सगळं चाले. हाच आराई काम्पो पुढे आपल्याकडे अजिंठ्याला आला. निजामाच्या राज्यातल्या त्या लेण्यांत राहून त्यानं सोबत्यांसह भित्तिचित्रांच्या नकला काढल्या. त्याआधी लेडी हेरिंगहॅमबरोबर नंदलाल बसू आणि हैदराबादचे सय्यद अहमद, मुहम्मद फझलुद्दीन यांनी तेच काम केलं होतं. काम्पोच्या नकला तोक्योत ठेवल्या होत्या, १९२३ च्या भूकंपाच्या आगीत त्या जळाल्या. हे थोडं विषयांतर झालं. पण अजिंठा-कलकत्ता-तोक्यो या त्रिकोणाबद्दल मराठवाड्यात तरी कुणी सविस्तर लिहायला हवं.

तर जपानी चित्रकार घरात शिकवत असतानाच, १९१७ च्या सुमारास, गगनेंद्रनाथांनी घरात शिळाछापाचं यंत्र बसवलं आणि व्यंगचित्रांचे संच काढायला घेतले. पहिला ‘बिरूप बज्र’, आपल्या भाषेत विरूप वज्र. त्याला लागून ‘अद्भुत लोक’. १९२१ मध्ये ‘नब हुल्लोड’, म्हणजे नवी हुल्लड.

त्यांची चित्रं ‘प्रवासी’ आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’ छापत होतेच. मग घरात छापखाना कशाला? एक कारण तंत्रातच आहे. मासिकात चित्राचा फोटो काढून, ठिपके पाडून ठोकळा बनतो, म्हणजे ती चित्राची नक्कल असते. शिळाछापात चित्रकार चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं थेट काढतो. मग दगड ओला करतात. जिथं तेल आहे तिथं पाणी ठरत नाही आणि छापाची शाई नेमकी तिथंच चिकटते. कागदावर येतं ते कुंचल्याचं मूळ चालणंच, फक्त उजव्याचं डावं होऊन. जपानी लाकडी ठशात चितारणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा आणि पैसा लावणारा प्रकाशक चौथा. एदो काळातली विनोदी चित्रपुस्तकं अशीच निघत. त्यामुळे शिक्षाही वाटून मिळे : १७९१ मध्ये सान्तो क्योदेन या लेखकाला पन्नास दिवस हातकड्या आणि त्याच्या प्रकाशकाला जबर दंड. दगडावर मात्र कोरणाराची गरज नाही. जपानी शाईकामात रुळलेला हात तसाच्या तसा दगडावर उतरवता येतो.

ही चित्रं पाहताना ते कळतं. काळ्या रंगाचे मोठे सपाट पट्टे, मधेच कोरी सोडलेली जागा, कडेला अर्धवट कापलेली आकृती. विलायती ‘पंच’ मासिकाच्या व्यंगचित्रात बारीक आडव्या-उभ्या रेघांचं जाळं असतं आणि खाली चार ओळींचा मजकूर. मुंबईचा ‘पारसी पंच’, ‘हिंदी पंच’ त्याच वळणाचे. गगनेंद्रनाथांनी ते जाळं फेकून दिलं. त्यांचं चित्र दहा पावलांवरून कळतं.

‘जाँतासुर’ हेच घ्या. प्रचंड मोठं जातं, त्यावर ब्राह्मण आरामात बसलेला आणि खाली माणसं भरडली जात आहेत. बंगालीत जाँता म्हणजे जातं. त्याला असुर केलं आणि त्यातच जातीचा ध्वनी ठेवला. इंग्रजीत या चित्राचं नाव सांगायला अख्खं वाक्य लागतं. मराठीत काहीच लागत नाही, जातं आणि जात यांत एका अनुस्वाराचा फरक. ज्या भाषेत बायकांनी शेकडो वर्षं जात्यावर ओव्या गायल्या, तिथं हे चित्र अनुवादाशिवाय पोचतं.

बाकीची चित्रंही कुणाला सोडत नाहीत. पावित्र्याच्या नावाखाली चैन करणारा धष्टपुष्ट ब्राह्मण आहे. अर्धा बंगाली, अर्धा साहेब झालेला बाबू आहे. विद्यापीठ कारखान्यासारखं दाखवलं आहे. पुढे जालियनवालानंतर सरकारच्या ‘शांतते’वर आणि माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवर चित्रं आली. ‘अद्भुत लोक’च्या आरंभी त्यांनी भूमिका मांडली आहे. तिचा आशय असा की विकृती सवयीची होऊन गोड वाटू लागली, की तिचं कुरूपपण दाखवणं हे चित्रकाराचं काम ठरतं. ‘सवयीची’ या शब्दापाशी मी दर वेळी अडखळतो. ‘आपल्यातले का?’ या प्रश्नाचंही तेच झालं आहे.

घरच्या छापखान्याला दुसरंही कारण असावं. १९१० चा प्रेस कायदा तेव्हा चालू होता. नवा छापखाना काढणाऱ्याकडून सरकार पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत तारण मागू शकत होतं आणि मजकूर आवडला नाही तर ते जप्त करू शकत होतं. परक्याच्या छापखान्यात आपलं चित्र छापलं, की जोखीम त्याच्या गळ्यात. अशा वेळी तो छापखानेवाला चित्र हातात घेऊन आधी स्वतःशी हिशोब करतो. सरकारचा नंतर, गिऱ्हाइकांच्या नाराजीचा आधी. गगनेंद्रनाथांना तो हिशोब कुणाकडून करून घ्यायचा नव्हता.

शिळाछाप हे तसं श्रीमंतांचं खेळणं नव्हतंच. मराठीत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं, तेव्हापासून तो आपल्याकडे आहे. लोणावळ्याजवळ मळवलीला रविवर्मा प्रेसनं दगडावरूनच देवदेवता काढल्या. आणि मुसलमानांचा तर शतकभर सगळा कारभार दगडावर. नस्तालिक लिपी शिशाच्या खिळ्यांत नीट बसेना, म्हणून कातिब खास शाईनं कागदावर लिही आणि ते लिखाण दगडावर उतरवलं जाई. आमच्या घरी आजोबांच्या काळातला एक शिळाछाप किताब आहे. त्यातल्या ओळी शेवटाकडे किंचित वर चढतात, म्हणजे लिहिणाऱ्याचा हात अजून त्या पानावर आहे. लखनौचा ‘अवध पंच’ १८७७ मध्ये मुन्शी सज्जाद हुसैन यांनी काढला, तोही शिळाछापच. त्यानं सर सय्यद अहमदांपासून नवाबी मिजाशीपर्यंत आपल्याच माणसांची यथेच्छ टर उडवली, आणि लोकांनी विकत घेऊन वाचला. स्वतःवर हसण्याची ती तहजीब आपल्यात नव्हती असं कुणी म्हणू नये. बिरादरीबद्दल तर आपल्या महाराष्ट्रातच शब्बीर अन्सारींनी जालन्यातून मुस्लीम ओबीसींची चळवळ उभी केली, तेव्हाही ‘घरातलं बाहेर का काढता’ हाच आक्षेप होता. बाहेरचा द्वेषानं बोलतो आणि आतला दुखावून बोलतो, हा फरक न कळल्याचा आव आपण फार दिवस आणला आहे. बाहेर वातावरण वाईट आहे, हे खरं. पण वातावरण चांगलं असताना तरी आपण या विषयावर कधी बोललो?

मुलीला मी ‘जाँतासुर’चं चित्र पाठवलं. तिनं नावाचा अर्थ विचारलाच नाही. एवढंच विचारलं की इतका सपाट काळा रंग दगडावर डाग न पडता बसतो कसा.

१९३० मध्ये गगनेंद्रनाथांना पक्षाघात झाला, वाचा गेली. १९३८ मध्ये ते वारले. पाच नंबरचा वाडा नंतर विकला गेला आणि पाडला गेला. दक्षिणेची ओसरीही त्याबरोबर गेली. ज्या मोजक्या चित्रकारांच्या कलाकृती १९७२ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय ठेवा म्हणून देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यांत आता गगनेंद्रनाथ आहेत. ‘जाँतासुर’ची एक प्रत मात्र सातासमुद्रापार गेलेली आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.