हक्क करारात, नाव यादीत : युरोपियन संसदेच्या मतदार नोंदणीची गोष्ट

२३ मे २०१९ रोजी ब्रिटनमध्ये युरोपियन संसदेसाठी मतदान झालं. त्या दिवशीची दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. दोघंही काल्पनिक आहेत, पण त्यांना लागू होणारे नियम खरे आहेत. एक आहे पुण्याचा मुलगा. तो लेस्टरला विद्यार्थी व्हिसावर एमएस्सी करतोय आणि त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. दुसरी आहे मडगावची बाई. ती स्विंडनला गोदामात काम करते आणि तिच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. आता सांगा, युरोपियन युनियनची नागरिक कोण? अर्थातच ती. पण युरोपियन संसदेसाठी मत देणं सोपं कोणाला होतं? त्याला! त्याने एकदा मतदार यादीत नाव नोंदवलं की काम झालं. तिला यादीत नाव असूनही वेगळं घोषणापत्र भरावं लागत होतं. ते नसेल, तर मतदान केंद्रावरून परत.

असं कसं झालं? संख्याशास्त्रात आम्ही मतदार यादीला 'सॅम्पलिंग फ्रेम' म्हणतो, म्हणजे नमुना जिच्यातून निवडायचा ती यादी. ती आयती मिळाली की आपण पुढच्या गणिताला लागतो. इतिहासात प्रश्न त्याच्या आधी सुरू होतो: ही यादी कोणी बनवली, कोणत्या कायद्याने, आणि कोण बाहेर राहिलं? युरोपियन संसदेच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर शोधायला जवळजवळ सत्तर वर्षं मागे जावं लागतं.

एकसमान पद्धतीचं वचन

या संसदेची पूर्वज असलेली सभा सप्टेंबर १९५२ मध्ये स्ट्रासबर्गला भरली. ती कोळसा आणि पोलाद समुदायाची सभा होती. सहा देश, ७८ सदस्य, आणि ते सगळे आपापल्या देशाच्या संसदेने पाठवलेले. सामान्य मतदाराचा थेट संबंध शून्य. १९५७ च्या रोम कराराने मात्र एक मोठं वचन दिलं. या सभेच्या निवडणुका थेट, सार्वत्रिक मतदानाने होतील आणि सगळ्या सदस्य देशांत पद्धत एकसमान असेल.

१९६० साली बेल्जियमचे फर्नांड दऊस यांच्या पुढाकाराने मसुदाही तयार झाला. पण अंतिम निर्णय देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत एकमताने व्हायचा होता, आणि द गॉल यांच्या फ्रान्सला राष्ट्रांच्या वर बसणारी, थेट निवडून आलेली संसद नको होती. मसुदा पडून राहिला. १९७५ साली डच सदस्य शेल्टो पाटाइन यांनी नवा अहवाल मांडला आणि एक व्यवहारी वाट काढली. आधी निवडणूक घेऊ, एकसमान पद्धतीचं नंतर बघू. २० सप्टेंबर १९७६ च्या कायद्यात हेच आलं. एकसमान पद्धत ठरेपर्यंत प्रत्येक देश आपल्या कायद्याने निवडणूक घेईल. ते 'ठरेपर्यंत' आजही संपलेलं नाही. १९९७ च्या ॲमस्टरडॅम करारात तर 'एकसमान पद्धत' या शब्दांशेजारी 'किंवा सर्व देशांना समान असलेल्या तत्त्वांनुसार' अशी सोयही करून ठेवली गेली.

पहिली थेट निवडणूक ७ ते १० जून १९७९ दरम्यान झाली. नऊ देश, ४१० जागा, जवळपास ६२ टक्के मतदान. दिवससुद्धा एक नव्हता. ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क आणि नेदरलँड्सने गुरुवारी मतदान उरकलं, बाकीच्यांनी रविवारी. मतदार कोण, याचीही नऊ उत्तरं होती. इटलीने समुदायातल्या इतर देशांत राहणाऱ्या आपल्या नागरिकांसाठी तिथेच मतदानाची सोय केली. आयर्लंडने आपल्याकडे राहणाऱ्या समुदायातल्या इतर देशांच्या नागरिकांना मत दिलं, पण परदेशी गेलेल्या आयरिश माणसाला दिलं नाही. ब्रसेल्समध्ये खासगी नोकरी करणाऱ्या ब्रिटिश माणसाला मायदेशातही मत नव्हतं, कारण परदेशस्थ मतदार ही सोय ब्रिटनमध्ये १९८५ च्या कायद्याने आली. थोडक्यात, संसद एक, पण तिला निवडणाऱ्या याद्या नऊ, आणि त्या याद्यांच्या फटींत पडलेली माणसं बरीच.

१९९३ : घर बदललं तरी मत राहावं

या फटी बुजवायचा खरा प्रयत्न मास्ट्रिख्ट कराराने केला. फेब्रुवारी १९९२ मध्ये सह्या झाल्या आणि नोव्हेंबर १९९३ पासून करार लागू झाला. 'युनियनचं नागरिकत्व' ही नवी गोष्ट त्यातून आली. तिच्यासोबत हक्क आला की तुम्ही ज्या सदस्य देशात राहता, तिथे तिथल्या नागरिकांच्याच अटींवर युरोपियन संसदेसाठी मत द्या किंवा उमेदवार व्हा. हा हक्क प्रत्यक्षात कसा वापरायचा, ते ६ डिसेंबर १९९३ च्या निर्देशात लिहिलं आहे. त्याचा क्रमांक ९३/१०९. जून १९९४ च्या निवडणुकीत तो पहिल्यांदा वापरला गेला.

हा निर्देश वाचताना एका कागदाकडे नीट लक्ष द्या, तो म्हणजे घोषणापत्र. दुसऱ्या देशातल्या मतदाराने त्यात आपलं नागरिकत्व आणि पत्ता द्यायचा, मायदेशात शेवटचं नाव कुठल्या यादीत होतं ते सांगायचं, आणि 'मी फक्त इथेच मत देईन' असं लिहून द्यायचं. मग हा देश मायदेशाला कळवणार आणि मायदेश तिथलं मत थांबवणार. हेतू रास्त आहे, कारण एका निवडणुकीत एका माणसाचं एकच मत हा नियम १९७६ च्या कायद्यातच आहे.

पण याद्या बंद होण्याच्या तारखा देशागणिक वेगळ्या आणि नोंदी ठेवायची पद्धत वेगळी, त्यामुळे ही देवाणघेवाण कधीच धड चालली नाही. शिवाय ती बनवली आहे देश बदलणाऱ्यांसाठी. दोन पासपोर्ट असलेला माणूस दोन्ही देशांत 'आपलाच' असतो, त्याच्याकडे घोषणापत्र कोणी मागतच नाही. २०१४ साली जर्मनीतल्या एका नामवंत संपादकाने टीव्हीवर अगदी सहज सांगितलं होतं की आपण दोन मतं दिली. एक इटालियन वकिलातीत, दुसरं जर्मनीतल्या शाळेत! ज्या पळवाटेतून माणूस खरोखर निसटतो ती उघडीच राहिली, आणि कागदाचा भार पडला तो सरळ मार्गाने जाणाऱ्यावर.

आज नोंदणी कशी होते, हे चार देशांत पाहू. जर्मनीत रहिवासी नोंदवहीतूनच नागरिकांची नावं आपोआप यादीत जातात. दुसऱ्या सदस्य देशाच्या नागरिकाने पहिल्या वेळी मतदानाच्या एकविसाव्या दिवसाआधी अर्ज करायचा. तो जर्मनीतच राहत असेल, तर पुढच्या निवडणुकांना पुन्हा अर्ज नको. बेल्जियममध्ये मतदान सक्तीचं आहे. बाहेरून आलेल्याने नोंदणी करायची की नाही ते त्याच्यावर, पण एकदा केली की मत देणं त्यालाही बंधनकारक. आयर्लंड परदेशी राहणाऱ्या सर्वसाधारण नागरिकाला आजही मत देत नाही. एस्टोनियात मात्र २००९ पासून युरोपियन संसदेसाठीही घरबसल्या इंटरनेटवरून मत देता येतं. २०२४ च्या निवडणुकीत २७ देश आणि ७२० जागा होत्या. ऑस्ट्रिया, माल्टा, जर्मनी आणि बेल्जियममध्ये १६ व्या वर्षी मत होतं, ग्रीसमध्ये १७ व्या, बाकी बहुतेक ठिकाणी १८.

ब्रिटनच्या यादीला दोन दारं

आता पुन्हा लेस्टर आणि स्विंडनकडे. पुण्याच्या मुलाला मत मिळालं ते युरोपमुळे नाही, साम्राज्यामुळे. ब्रिटनमध्ये मताचा हक्क जुन्या काळी 'ब्रिटिश प्रजाजन' या नात्याने मिळायचा. साम्राज्य गेलं, प्रजाजनांचे 'राष्ट्रकुल नागरिक' झाले, भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहिला, आणि हक्क तसाच चालू राहिला. वैध व्हिसावर ब्रिटनमध्ये राहणारा भारतीय तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीतही मत देऊ शकतो. १९७९ साली युरोपियन निवडणूक आली तेव्हा ब्रिटनने हीच यादी पुढे केली.

मडगावच्या बाईचा रस्ता वेगळा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांचे वंशज लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेऊ शकतात. पोर्तुगाल १९८६ साली युरोपियन समुदायात आला, त्यामुळे हे लोक पुढे युनियनचे नागरिक झाले. स्विंडनमधली मोठी गोवेकर वस्ती याच रस्त्याने आली. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणजे हा पासपोर्ट घेताना भारतातलं मत सोडावं लागतं. एका देशातला हक्क मोजून दिल्यावर दुसरीकडचा हक्क कागदावर न राहता हातात यावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

ब्रिटनने निर्देशातल्या घोषणापत्राचा वेगळा फॉर्म केला होता, 'यूसी१'. स्थानिक निवडणुकांच्या यादीत नाव असलेल्या युरोपियन नागरिकालाही तो युरोपियन निवडणुकीआधी नव्याने भरावा लागे. नाही भरला, तर यादीत नावापुढे 'जी' अक्षर राहायचं, म्हणजे फक्त स्थानिक मतदार. भरला की 'के'. सगळा फरक एका अक्षराचा! आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसच्या नागरिकांना मात्र हा फॉर्म लागत नव्हता, कारण ते जुन्या दारातून आधीच आत होते.

२०१९ साली तर तारखांनीच घात केला. ब्रिटन २९ मार्चला युनियन सोडणार होतं, ते लांबलं. निवडणूक नक्की होणार, हे सरकारने जाहीर केलं ७ मे रोजी. आणि नोंदणीची, फॉर्मचीही, शेवटची तारीख कोणती? ७ मे. परिणामी २३ मे रोजी देशभर अनेक युरोपियन नागरिकांना मतदान केंद्रांवरून परत पाठवण्यात आलं. खरं तर एकदा यादीत आलेला मतदार तिथल्या नागरिकांसारखाच यादीत राहील, असं तो १९९३ चा निर्देशच सांगतो. ब्रिटनच्या निवडणूक आयोगानेही २०१४ च्या अनुभवानंतर ही दुहेरी पद्धत सोपी करायला सुचवलं होतं. ते झालं नाही.

या दोन दारांचा वाद न्यायालयातही गेला होता. १९९४ साली जिब्राल्टरच्या रहिवासी डेनिस मॅथ्यूज यांनी युरोपियन निवडणुकीसाठी नोंदणी मागितली. उत्तर आलं की १९७६ च्या कायद्यानुसार जिब्राल्टर यात येत नाही. १८ फेब्रुवारी १९९९ रोजी युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने हा हक्कभंग ठरवला. २००४ मध्ये जिब्राल्टर नैर्ऋत्य इंग्लंडच्या मतदारसंघाला जोडून पहिल्यांदा मतदान झालं. मग स्पेनने हरकत घेतली: जिब्राल्टरच्या यादीत राष्ट्रकुलाचे नागरिकही आहेत, ते युनियनचे नागरिक नाहीत, मग त्यांना मत कसं? १२ सप्टेंबर २००६ रोजी युनियनच्या न्यायालयाने निकाल दिला की, राज्याशी जवळचा संबंध असलेल्या अशा लोकांना मत द्यायचं की नाही, हे सदस्य देश ठरवू शकतो. अर्थात, हा हक्क ब्रिटनने द्यायचा म्हणून होता. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडलं आणि तो तिथेच संपला.

संशोधनाच्या दृष्टीने

यातून काय घ्यायचं? पहिली गोष्ट म्हणजे छेद. समजा एका शहरात दुसऱ्या सदस्य देशांचे १०० नागरिक आहेत, त्यातल्या २० जणांनी नोंदणी केली आणि १५ जणांनी मत दिलं. मतदान किती? नोंदणी हा छेद घेतला तर ७५ टक्के, पात्र लोक घेतले तर १५ टक्के. दोन्ही आकडे बरोबर, पण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं. आपोआप नोंदणीचा देश आणि अर्ज मागणारा देश यांची टक्केवारी एकाच तक्त्यात शेजारी ठेवण्याआधी छेद तपासा. 'या लोकांना राजकारणात रस नाही' असा निष्कर्ष अनेकदा लोकांबद्दल नसतोच, फॉर्मबद्दल असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे साधनं. करार वाचून थांबलात तर मडगावच्या बाईला हक्क आहे एवढंच दिसेल. ती परत का गेली, हे कळण्यासाठी करार, देशाचा कायदा, प्रत्यक्ष फॉर्म आणि केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांची पुस्तिका या चारही पातळ्यांवर उतरावं लागतं. शेवटच्या दोन गोष्टी ग्रंथालयात सहसा जपल्या जात नाहीत, म्हणून निवडणूक चालू असतानाच त्या गोळा करून ठेवा.

आपल्याकडेही हे करून पाहता येईल. २०१० च्या दुरुस्तीने परदेशस्थ भारतीयांना मताचा हक्क मिळाला. त्यासाठी फॉर्म ६ए भरायचा आणि मत द्यायला स्वतः मतदारसंघात यायचं. कायद्यात एका ओळीत बसणारी ही अट दुबईतल्या किंवा न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला विमानाच्या तिकिटाएवढी पडते. ज्यांनी ६ए भरला आणि ज्यांनी भरला नाही, अशा दोन्ही गटांशी बोललात, तर एक चांगला शोधनिबंध तिथेच सुरू होईल.